तसं चांगलंच म्हणायचं

आमच्या तात्यांची तब्येत कशी आहे, हे कोण विचारतंय त्यावर ठरतं. पहाटे कराडच्या प्रीतिसंगमावर फिरायला येणाऱ्या मंडळींनी विचारलं, तर ती ठणठणीत असते. पुण्याहून लेकीचा फोन आला की तीच तब्येत 'चाललंय, ढकलतोय दिवस' या पायरीवर उतरते. विम्याचा एजंट दारात आला तर तात्यांना उभ्या जन्मात साधी शिंकही आलेली नसते, आणि डॉक्टरांपुढच्या स्टुलावर बसले की 'डॉक्टर, आता काही खरं नाही' यापलीकडे त्यांना बोलवत नाही. नावडत्या भाच्याकडे वास्तुशांत असली की कंबर धरते. आवडत्या पुतण्याकडे पुरणपोळी असली की सुटते. यातलं एकही उत्तर खोटं नसतं, असं तात्यांचं ठाम म्हणणं. "अहो, माणूस बघून बोलावं लागतं. तब्येत काय सगळ्यांना सारखीच सांगायची असते?"

अपवाद एकच. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीच्या यादीत आपल्या नावापुढे सही करावी लागते. प्रश्न पेन्शनीचा असल्यामुळे प्रकृतीविषयीचं एवढं एक निवेदन मात्र तात्या आढेवेढे न घेता, वेळेवर आणि ठळक अक्षरात करतात.

तात्या आमच्या शेजारी कराडात राहतात म्हणून मी कराडचे म्हणतो. बार्शीत अशाच माणसाला अण्णा म्हणत असतील, अकोटात भाऊ आणि चिपळुणात भाई. जिल्हा परिषदेतून वरिष्ठ सहाय्यक म्हणून निवृत्त, मुलगा-मुलगी दोघंही पुण्यात, घर स्वतःचं, आणि वरच्या मजल्याचं बांधकाम येत्या दिवाळीनंतर निघणार, कुठल्या दिवाळीनंतर ते विचारायचं नाही. टीव्हीशेजारी श्रीखंडाचा रिकामा डबा असतो, त्यात गोळ्या. गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापून एकेक गोळी सुटी केलेली, त्यामुळे नाव कुठल्याच तुकड्यावर पूर्ण येत नाही. तात्यांना नावांची गरजही नाही. पांढरी सकाळची, गुलाबी अर्धी रात्रीची, आणि 'ती लांबडी, जी घशात अडकते'. लांबडी कशासाठी आहे ते डॉक्टर बदलल्यापासून कोणालाच माहीत नाही, पण ती बंद करायची हिंमतही कोणाला होत नाही.

अशा माणसाच्या ओट्यावर एका सकाळी टॅब घेतलेली मुलगी येऊन बसली. आमचा आणि त्यांचा ओटा सलग, मधे कमरेएवढी भिंत. पुढचं सगळं मी चोरून ऐकलं असं कोणी म्हणू नये, न ऐकायची सोयच नव्हती.

घरोघर जाऊन माणसांना तब्येत विचारायची रीत आपल्याकडे चांगली जुनी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ ची, पाचवी २०१९ ते २०२१ ची. मुंबईत देवनारला लोकसंख्याशास्त्राची जी मोठी संस्था आहे, तिच्या देखरेखीखाली हे काम चालतं. पाचव्या फेरीत सात लाखांवर बायकांशी आणि लाखभर पुरुषांशी बोलणं झालं. मात्र त्यात बायका घेतात १५ ते ४९ वयाच्या आणि पुरुष १५ ते ५४ चे. हे मी तात्यांना एकदा सांगून बसलो. "म्हणजे चोपन्नच्या पुढे आमचं काय होतं याच्याशी सरकारला कर्तव्य नाही," असा त्यांनी निकाल दिला. तसं नाही. पंचेचाळीस आणि पुढच्यांसाठी 'लासी' नावाची स्वतंत्र पाहणी आहे, २०१७-१८ च्या तिच्या पहिल्या फेरीत देशभरातली ७२ हजारांवर माणसं गाठली होती. ओट्यावरची मुलगी याच जातकुळीतल्या एका पाहणीची.

तात्यांनी संमतीपत्र हातात घेतलं आणि वाचायला लागले. संमतीपत्र खरोखर वाचणारा माणूस तिने नोकरीत पहिल्यांदाच पाहिला असावा, कारण ती जरा घाबरली. तात्यांची हयात दुसऱ्यांचे अर्ज तपासण्यात गेलेली. दोन ठिकाणचे ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी पेनाने दुरुस्त केले आणि मग मुद्द्यावर आले.

"ताई, हे कुठल्या योजनेचं?"

"योजना नाही काका. अभ्यास आहे."

"म्हणजे मिळणार काही नाही."

"नाही."

"आणि आहे त्यातलं काही कापलं पण जाणार नाही?"

"नाही काका."

तात्यांनी सही केली.

पहिला प्रश्न वयाचा. हा सर्वांत सोपा, असं प्रश्नावली करणाऱ्यांना वाटत असावं म्हणून तो पहिला ठेवतात. "कागदावरचं सांगू की खरं?" तात्यांनी विचारलं. कागदावर जन्मतारीख १ जून १९५७. त्या पिढीत जूनमध्ये शाळा उघडली की पोराला धरून नेऊन बसवायचे आणि मास्तर १ जून टाकून मोकळे व्हायचे. आमच्या आळीतल्या निवृत्त मंडळींनी त्या दिवशी एकेक केक कापायचा ठरवला तर गावातल्या बेकऱ्या पुरायच्या नाहीत. "आता असं बघा," तात्या सरसावले, "कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे. तेव्हा मी दुसरीत होतो, कारण पाटी फुटली ती दुसरीतली. दुसरीतलं पोर आठ वर्षांचं. म्हणजे जन्म १९५९. मास्तरांनी दोन वर्षं फुकट वाढवली, आणि मी अठ्ठावन्नला रिटायर झालो तो खरा छप्पन्नाव्या वर्षी. दोन वर्षांचा पगार गेला. लिहा, पगाराच्या हिशेबाने अडुसष्ट, गुडघ्याच्या हिशेबाने सहासष्ट." टॅबमध्ये चौकोन एकच होता.

ही काही तात्यांची एकट्याची लहर नव्हे. जन्माचा दाखला नसलेल्यांचं वय काढायला सर्वेक्षणवाले मुद्दाम अशाच घटना विचारतात: भूकंप, पूर, बहात्तरचा दुष्काळ. बाकीचे लोक सरळ गोल आकडा सांगतात. पन्नास, पंचावन्न, साठ. शून्यावर आणि पाचावर माणसांची इतकी गर्दी होते की ती मोजायला व्हिपल नावाच्या गृहस्थांच्या नावाने एक निर्देशांकच आहे. आतून काकींनी, तात्यांच्या पत्नीने, त्यात आपली भर घातली. "माझं साठ लिही गं." "काकू, नक्की साठ?" "नक्की म्हणजे काय, गेली कितीतरी वर्षं साठच आहे."

मग घरात माणसं किती. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, अशी त्यांची व्याख्या असते. तात्यांनी मुलगा, सून, दोन नातवंडं, सगळी सांगितली.

"ते इथे राहतात का काका?"

"रेशन कार्डावर आहेत."

"जेवतात इथे?"

"गणपतीत जेवतात की."

तिने समजावून सांगितलं. तात्या एकेक नाव मागे घेत दोनावर आले. "दोनच?" म्हणाले आणि टॅबकडे बघत राहिले. "मांजर धरा," काकी म्हणाल्या, आणि गाडी पुढे निघाली.

शिक्षण, नोकरी, लग्न कोणत्या साली, हे सगळं भराभर झालं. उत्पन्नाचा प्रश्न आला तसं तात्यांना अचानक कमी ऐकू यायला लागलं. श्रवणशक्तीचे प्रश्न बरेच पुढे होते. बहुधा तिने उत्तर तेव्हाच मनात नोंदवून ठेवलं.

आणि मग तो प्रश्न आला, ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतलं. दिसायला अगदी साधा. एकंदरीत पाहता तुमची तब्येत कशी आहे? खूप चांगली, चांगली, मध्यम, वाईट, की खूप वाईट?

तात्या इतका वेळ घडाघडा बोलत होते. इथे थांबले. चष्मा काढला, पंच्याने पुसला, पुन्हा घातला.

"कुणाच्या मानाने?"

"कुणाच्या मानाने नाही काका. तुम्हाला काय वाटतं ते."

"तसं कसं? आमच्या ऑफिसात आम्ही नऊ जण एका टेबलाला होतो. त्यातले चार गेले. एकाचं डायलिसिस चालू आहे. एक जण पोराकडे अमेरिकेत गेला, त्याचा पत्ता नाही. त्यांच्या मानाने माझी उत्तम. पण माझे वडील ब्याऐंशीव्या वर्षी मळ्यातनं चालत बाजाराला यायचे. त्यांच्या मानाने मी गेल्यातच जमा."

"मग खूप चांगली लिहू?"

"छे छे! खूप चांगली नका लिहू. दृष्ट लागते."

"मग वाईट?"

"अहो ताई, भरल्या घरात वाईट म्हणू नये. वास्तू तथास्तु म्हणत असते."

पाच पायऱ्यांची ती मोजपट्टी परदेशात कुठेतरी घडवलेली. तिच्या वरच्या टोकाला आमच्याकडे दृष्ट बसलेली असते आणि खालच्या टोकाला वास्तुपुरुष. दोघांच्या मधे जेवढी जागा उरते तेवढ्यात मराठी माणसाने आपली तब्येत मांडायची. तात्यांनी आणखी थोडा विचार केला. "तसं चांगलंच म्हणायचं," ते शेवटी म्हणाले. तिने 'चांगली'वर बोट टेकवलं. त्या 'तसं'चं आणि त्या 'म्हणायचं'चं काय झालं, ते टॅबलाच ठाऊक.

हा घोळ संशोधकांना माहीत नाही असं मात्र समजू नका. प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी असते हे ओळखून त्यांनी एक युक्ती काढलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'सेज' नावाच्या अभ्यासात ती वापरली होती. कोणातरी कल्पित माणसाची हकिकत सांगायची आणि त्याला किती त्रास आहे असं वाटतं ते विचारायचं. सगळ्यांपुढे माणूस एकच, त्यामुळे कोणाची पट्टी किती लांब आहे ते कळतं. तिच्याही टॅबमध्ये तशी एक हकिकत निघाली. एक गृहस्थ आहेत, थोडं चाललं की त्यांना दम लागतो, जिना चढताना मधे थांबावं लागतं.

"कुठले?" तात्यांनी विचारलं.

"काल्पनिक आहेत काका."

"आडनाव काय?"

"आडनाव नाही त्यांना."

"पाटबंधारेत होते का?"

"काका, ते नाहीतच. समजायचे."

"समजायचे कशाला? मागच्या आळीतला आहे तो. दहा वेळा सांगितलं तंबाखू सोड. त्याची वाईट लिहा. खूप वाईट लिहिलं तरी चालेल, तो काय आपल्या घरातला नाही."

"आपल्या घरातला कितव्या पायरीला थांबतो, ते पण विचार गं," आतून काकी.

तात्यांनी ते ऐकलं नाही. श्रवणशक्तीचं म्हणालो ना मघाशी.

पुढे आजारांची यादी. इथे प्रश्न मोठ्या काळजीने घातलेले असतात. तुम्हाला बीपी आहे का, असं नाही विचारायचं, डॉक्टरांनी कधी तसं सांगितलंय का, असं विचारायचं. "सांगितलं होतं," तात्या म्हणाले, "पण मी काही मानलं नाही."

"मग गोळी घेत नाही तुम्ही?"

"घेतो की. रोज रात्री. गोळी चालू आहे म्हणून तर बीपी नाही."

यावर वाद घालून बघा. मी घातलेला आहे. मधुमेहालाही हाच नियम लागू होतो. 'साखर' तात्यांना कधीच नव्हती, ती फक्त 'बॉर्डरला' असते, आणि या बॉर्डरवर ते आज दहा वर्षं उभे आहेत. व्यसनांच्या पानावर त्यांनी सगळ्याला 'नाही' सांगितलं. तंबाखू? "तंबाखू व्यसनात धरता का तुम्ही? जेवण झाल्यावर चिमूटभर, दातासाठी." दारूच्या प्रश्नाला त्यांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि 'नाही लिहा' म्हणाले. आत पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं गेलं.

गेल्या पंधरा दिवसांत आजारी होता का, गेल्या वर्षभरात दवाखान्यात भरती व्हावं लागलं का, अशा मुदतींचे प्रश्न राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातही असतात. साध्या दुखण्याला पंधरा दिवस आणि भरतीला तीनशे पासष्ट, कारण सर्दी माणूस महिन्यात विसरतो आणि सलाईन वर्षभर लक्षात ठेवतो. तात्यांना सलाईन लागलं ते नक्की केव्हा, यावर नवरा-बायकोत दहा मिनिटं चर्चा झाली. ते पंढरपूरला जाऊन आल्यावर की जायच्या आधी, आणि पंढरपूर धाकट्या नातवाच्या मुंजीच्या वर्षी की पुढच्या. शेवटी काकींनी आतून डिस्चार्जचा कागद आणून दाखवला. चौदा महिने झाले होते. "म्हणजे धरत नाहीत?" तात्यांचा चेहरा पडला. एवढा मोठा आजार दोन महिन्यांनी हुकला.

मोजमापाची वेळ आली तशी मात्र त्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ संचारलं. हाताच्या पकडीची ताकद मोजायचं एक यंत्र असतं, मुठीत धरून आवळायचं. ते हातात आल्यावर तात्यांनी बनियनवर सदरा चढवला. "ताई, खाशाबा जाधव कुठले माहितीय? गोळेश्वर. इथून हाकेच्या अंतरावर. १९५२, हेलसिंकी, ऑलिंपिकचं पदक." एवढी प्रस्तावना करून त्यांनी यंत्र असं काही आवळलं की मानेच्या शिरा वर आल्या. आकडा चांगला आला. पण लगेच रक्तदाब घ्यायचा होता, तो त्याहून चांगला आला, म्हणजे चांगलाच वर. ती मुलगी समंजस होती. थोडा वेळ बसवून दुसऱ्यांदा घेतला, मग तिसऱ्यांदा. दर वेळी थोडा उतरला. "शेवटचा धरा," तात्या म्हणाले. "पहिले दोन सरावाचे."

आता काकींची पाळी.

"हिचं काय विचारायचंय ते मला विचारा. हिला काय धाड भरलीय?"

"काका, काकूंचं एकटीचं घ्यावं लागतं. नियम आहे."

"घ्या की. मी काय उत्तरं सांगणार आहे तिला?" असं म्हणून तात्या उठले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर ज्या झाडाला वर्षभर कोणी पाणी घातलं नव्हतं, त्याला पाणी घालायला लागले.

काकी मेथी निवडत बसल्या होत्या, ती खाली ठेवली नाही. तब्येत कशी आहे म्हटल्यावर "बरी की" म्हणाल्या. मग ती मुलगी एकेक विचारत गेली. मांडी घालून बसता येतं? नाही, चार वर्षं झाली. जमिनीवरून उठता? उठते, पण कट्ट्याला धरून. रात्री झोप? एकदा यांच्या खोकल्याने जाग आली की मग नाही लागत. चक्कर? उपासाच्या दिवशी. उपास किती? सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. दिसतं नीट? डाव्याने कमी दिसतं, पण मेथी उजव्याने निवडते. औषध? त्यांच्या डब्यातली गुलाबी अर्धी उरते ती मी घेते, वाया कशाला घालवायची.

ती मुलगी क्षणभर टॅब विसरली. "काकू, ती त्यांची बीपीची गोळी आहे."

"असू दे. मला मानवते."

"मग तब्येत 'बरी' कशी म्हणता?"

"अगं, मी आडवी पडले तर भाकरी कोण थापणार? म्हणून पडत नाही. तुझ्याकडे 'काम होतंय' असा काही पर्याय आहे का बघ."

पाचांत तसा पर्याय नव्हता. बराच खल होऊन 'मध्यम'वर तोडगा निघाला. म्हणजे तीन-चार औषधांचे धनी, जिन्यात थांबणारे तात्या 'चांगली', आणि घर चालवणाऱ्या काकी 'मध्यम'. आकडेवारीला यात काही नवल वाटणार नाही. पुणे जिल्ह्यात वढूच्या परिसरात पन्नाशीपुढच्या हजारो माणसांची अशी पाहणी झालेली आहे. बायकांनी आपली तब्येत पुरुषांपेक्षा वाईट सांगितली, कमी शिकलेल्यांनी जास्त शिकलेल्यांपेक्षा वाईट. जगभर हेच दिसतं, आणि जगभर या तब्येत वाईट सांगणाऱ्या बायकाच पुरुषांपेक्षा जास्त जगतात. काकींनी तर 'मध्यम'सुद्धा आग्रहाखातर सांगितलं.

त्या संध्याकाळी मी तात्यांना अमर्त्य सेन यांच्या एका टिपणाबद्दल सांगितलं. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते आलं होतं. तेव्हा देशात सगळ्यांत जास्त जगायची केरळची माणसं, आणि 'मला हे होतंय, मला ते होतंय' असं सर्वेक्षणात सगळ्यांत जास्त सांगायची तीही केरळचीच. बिहारात आयुष्य कमी, तक्रारीही कमी. अमेरिकेतले लोक तर केरळपेक्षाही जास्त कुरकुर करायचे. सेन यांचा मुद्दा असा की शाळा आणि दवाखाना ज्याच्या दाराशी आला त्याला आपलं दुखणं हे दुखणं आहे हे कळतं. ज्याच्या दाराशी काहीच आलं नाही, तो त्याला नशीब नाहीतर वय म्हणून सोडून देतो. म्हणून माणूस सांगतो तेवढ्यावर सरकारने विसंबू नये. तात्यांनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे कुरकुर करणारे जास्त जगतात," ते म्हणाले. "ऐकलंस का गं? तरी तू मला करू देत नाहीस."

दुसऱ्या बाजूचा पुरावाही मी त्यांना सांगणार होतो, पण तेवढ्यात बातम्या लागल्या. तो असा. कॅनडात मॅनिटोबा प्रांतात मोसी आणि शपिरो या दोघी संशोधक बायकांनी १९८२ साली पासष्टीपुढच्या लोकांचा अभ्यास मांडला. दवाखान्याच्या नोंदी, आजार, सगळं हिशेबात धरूनही, ज्यांनी आपली तब्येत वाईट सांगितली होती ते 'उत्तम' सांगणाऱ्यांच्या तुलनेत पुढच्या काही वर्षांत जवळजवळ तिप्पट प्रमाणात गेले. १९९७ मध्ये इडलर आणि बेन्यामिनी यांनी असे सत्तावीस अभ्यास एकत्र चाळले, बहुतेक ठिकाणी तोच सूर. ज्या प्रश्नाला तात्या 'कुणाच्या मानाने' म्हणून विचारतात, त्या एका प्रश्नाच्या उत्तरातून असं काहीतरी कळतं, जे डॉक्टरांच्या कागदातून निसटतं.

हे कसं जमत असेल, याचा मी भिंतीपलीकडे बसून बराच विचार केला. तज्ज्ञांची स्पष्टीकरणं आहेत: माणसाला अंगातले बदल आधी जाणवतात, घराण्यात कोण कशाने गेलं ते त्याला माहीत असतं, हाय खाल्लेला माणूस स्वतःची काळजी घेत नाही. सगळी पटण्यासारखी. मला त्यात एकच जोडावंसं वाटतं. एरवी तात्यांना तब्येत विचारणाऱ्या प्रत्येकाचा काहीतरी हिशेब असतो आणि तात्यांचाही त्याच्याशी असतो. लेकीने यावं, एजंटाने जावं, डॉक्टरांनी घाबरावं, फिरायला येणाऱ्यांनी जळावं. त्या टॅबवालीशी कसलाच हिशेब नव्हता. ना ती काही देणार होती, ना कापणार होती. चष्मा पुसता पुसता जो वेळ गेला, तेवढ्यात तात्यांनी बहुधा कितीतरी वर्षांनी ती गोष्ट फक्त स्वतःला विचारली. आणि त्यातून 'खूप चांगली' निघालं नाही. याला कारण दृष्ट, असं ते म्हणतात. मीही तसंच धरून चालतो.

नंतर काही दिवसांनी सुपरवायझरचा फोन आला. नमुन्यादाखल थोड्या घरांना पुन्हा फोन करून दोन-चार प्रश्न परत विचारतात, मुलगी खरंच येऊन गेली की चहाच्या टपरीवर बसून फॉर्म भरला ते कळावं म्हणून. तात्यांनी फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे आळीला ऐकू जावं. हो, आल्या होत्या. हो, वजन घेतलं. हो, वय तेच, दोन्ही. चांगली मुलगी आहे, तिला पर्मनंट करा.

"आणि काका, एकंदरीत पाहता तुमची तब्येत कशी आहे? खूप चांगली, चांगली, मध्यम..."

"थांबा," तात्या म्हणाले. "मागच्या खेपेला मी काय सांगितलं होतं?"

"ते मला सांगता येत नाही काका. तुम्ही आत्ताचं सांगा."

तात्यांनी स्पीकरवर हात ठेवला आणि भिंतीवरून माझ्याकडे वाकले. "अहो, तुम्ही ऐकत होतात ना? काय म्हणालो होतो मी? उगाच पुढे-मागे तफावत नको निघायला."